सेंट झेवियर्स कॉलेज आणि या भूमीचा अभ्यास

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जऊळका नांवाचें एक लहान स्थानक लागतें. तेथून पुढें वाशीम. हें वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला आणि विस्मृतींत गेलेल्या त्या शाखेचा उलगडा झाला. ज्या प्रांताच्या पोटांत असा इतिहास दडलेला, त्या प्रांतांतील मुलें त्या काळीं शाळेंत बसून इंग्लंडच्या राजांच्या वंशावळी पाठ करीत. आपल्या मातीचें ज्ञान आपल्याच विद्यालयांत परकें असावें, हें शल्य त्या पिढीच्या सुशिक्षितांना बोचत होतें. त्यावरील एक उपाय मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणीं चालूं होता: मुंबईच्या एका कॅथलिक कॉलेजांत, आणि तोही परदेशी धर्मगुरूंच्या हातून.

तें कॉलेज म्हणजे सेंट झेवियर्स. मुंबई विद्यापीठ स्थापन झालें १८५७ सालीं. त्यानंतर बारा वर्षांनीं, १८६९ मध्यें, जर्मन जेझुइटांनीं हें कॉलेज सुरू केलें. ज्यांचें नांव त्याला दिलें ते फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरले होते. जेझुइट संघाला पोपची मान्यता मिळून तेव्हां अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. अध्यापन हें या संघाचें पहिल्यापासूनचें प्रमुख कार्य. भारतांतील पहिला छापखाना १५५६ सालीं आला तोही गोव्यांतील त्यांच्याच सेंट पॉल कॉलेजांत.

गोव्याचें नांव निघालें कीं महाराष्ट्रीय मनांत दुसऱ्याहि आठवणी जाग्या होतात, आणि त्या दडवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पोर्तुगीज अमलाखालीं देवळें पाडलीं गेलीं. १५६० सालीं इन्क्विझिशन स्थापन झालें. मिशनऱ्यांच्या विद्यालयाकडे आपले आजे-पणजे संशयानें पाहत, तो संशय निराधार नव्हता. परंतु त्याच गोव्यांत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी इतकी आत्मसात् केली कीं, त्याचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला स्थान मिळालें. धर्म सांगावयाचा तरी तो लोकांच्या भाषेंत, आणि भाषा शिकावयाची तर ती पुरती, ही त्याची वृत्ति होती. सत्तेचा मार्ग आणि अभ्यासाचा मार्ग हे दोन्ही एकाच काळीं, एकाच किनाऱ्यावर चालूं होते. मुंबईच्या कॉलेजाचें मोल ठरवितांना त्यानें यांपैकीं कोणता मार्ग धरला, हेंच पाहिलें पाहिजे.

कॉलेजाचीं दारें सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुलीं होतीं. हिंदु, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती एकाच बाकावर बसत. पुढें १९१४ चें महायुद्ध आलें. जर्मन धर्मगुरु एकाएकीं शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांना स्थानबद्ध करून पुढें मायदेशीं धाडण्यांत आलें. ज्यांनीं संस्था उभारली तेच नाहींसे झाले. इंग्लंडहून आलेले फादर गुडियर आणि मूळचे स्विस असलेले फादर ब्लॅटर यांच्यासारख्यांनीं त्या कठीण काळांत कॉलेज सांभाळलें.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतांतील ताडवृक्षांवर, काश्मीरच्या फुलांवर त्यांनीं ग्रंथ लिहिले. परंतु त्यांचें सर्वांत दूरगामी कार्य कदाचित् ग्रंथांत नसून एका तरुणाच्या आयुष्यांत सांपडेल. ब्रह्मदेशांतील व्यवसाय सोडून परतलेला हा तरुण मुंबईस दुसऱ्या एका कॉलेजांत व्यापारी शिक्षण घेत होता. त्याचें खरें मन पक्ष्यांत गुंतलेलें आहे हें ब्लॅटर यांनीं ओळखलें व त्याला प्राणिशास्त्राकडे वळविलें. सकाळीं वाणिज्य आणि नंतर सेंट झेवियर्समध्यें प्राणिशास्त्र, असा त्याचा क्रम सुरू झाला. हा तरुण म्हणजे सलीम अली. त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ सालीं प्रसिद्ध झालें आणि आपल्या अंगणांतल्या पक्ष्यांकडे पाहण्याची दृष्टि त्यानें हजारों घरांना दिली. पिलांना उडावयास प्रवृत्त करणारा गरुड ही कल्पना या कॉलेजाच्या लॅटिन ब्रीदवाक्यांत आहे. तिचा अर्थ याहून सोप्या रीतीनें सांगतां येणार नाहीं.

१९२२ सालीं बार्सिलोनाकडील फादर हेन्री हेरास मुंबईस आले. आपण कोणता इतिहास शिकविणार, असें त्यांना विचारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं भारताचा इतिहास असें उत्तर दिलें. आणि त्यांतलें कांहींच ठाऊक नाहीं हें कबूल करून, आपण तो शिकून घेऊं असें सांगितलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पांच वर्षांत, १९२७ सालीं, विजयनगरच्या आरवीडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. त्याच्या आदल्याच वर्षीं त्यांनीं कॉलेजांत इतिहाससंशोधनाची संस्था काढली. तीच आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. शिलालेख, नाणीं, मूर्ति, हस्तलिखितें हीं इतिहासाचीं साधनें विद्यार्थ्यांनीं स्वतः हाताळलीं पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. सिंधु संस्कृतीच्या लिपीचें त्यांनीं केलेलें वाचन विद्वानांना मान्य झालें नाहीं. परंतु शिक्षकाचा प्रत्येक निष्कर्ष टिकलाच पाहिजे असें नाहीं. त्यानें लावलेली शोधाची संवय टिकली म्हणजे पुष्कळ झालें. हेरास १९५५ सालीं मुंबईसच निवर्तले.

मुंबईकर खंडाळ्यास हवा खावयास जातात. फादर सांतापाव तेथें वनस्पति पाहावयास जात. स्पेनहून १९२८ सालीं भारतांत आलेल्या या धर्मगुरूंचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ सालीं निघाला. स्वतंत्र भारतानें १९५४ मध्यें वनस्पति सर्वेक्षण विभागाची पुनर्रचना केली, तेव्हां मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचीच निवड झाली, आणि १९६७ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ब्लॅटर यांचें नांव धारण करणारा कॉलेजांतील वनस्पतिसंग्रह लाखाहून अधिक नमुने जतन करून आहे. प्रत्येक नमुन्यावर गांवाचें नांव व तारीख. ज्या डोंगरांवर आतां वस्ती चढली आहे, तेथें एके काळीं काय उगवत होतें याचा तो पुरावा होय.

या कॉलेजाचीं मूल्यें कोणतीं, असा प्रश्न केला तर उत्तर या माणसांच्या कामांतून मिळतें. विद्यार्थी ज्या मातींतला, त्या मातीचा अभ्यास करावा. माहीत नसेल तें शिकून घ्यावें. आणि ज्ञान कोणाला द्यावयाचें हें जातिधर्मावरून ठरवूं नये. २००३ सालीं या कॉलेजानें दृष्टिहीनांसाठीं साधनकेंद्र उघडलें, तेंहि याच वृत्तीला धरून. २०१० मध्यें त्याला स्वायत्तता मिळाली. आपला अभ्यासक्रम आपणच आंखण्याचा अधिकार म्हणजे या वृत्तीची नवी कसोटीच होय.

तथापि खरी कसोटी एकट्या त्या कॉलेजाची नाहीं. आतां शिक्षक आपले, विद्यापीठें आपलीं, भाषाहि आपली. असें असतां गांवोगांवच्या ताम्रपटांची, टेंकडीवरच्या झाडांची आणि कौलांवर येणाऱ्या पक्ष्यांची ओळख मुलांना होते काय? समुद्रापलीकडून आलेल्या कांहीं माणसांनीं ती प्रथम स्वतः करून घेतली व मग इतरांना करून दिली. त्यांच्या धर्मकल्पना ज्यांना मान्य नाहींत, त्यांनींहि त्यांचा हा परिश्रम उचलावयास हरकत नाहीं.