संगणकाला पत्ता सांगताना

(भोपाळ येथे मराठी भाषिक शिक्षक, ग्रामस्थ व कर्मचारी यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्रातील अधिकारी व्यक्ती म्हणून मी आपल्यासमोर उभा नाही. एक जिज्ञासू म्हणून चार शब्द सांगणार आहे.

सौंसर-पांढुर्णा भागातील शेतकरी कुटुंबातला एक विद्यार्थी भोपाळला शिकावयास आला. गावी विंडोज संगणकावर त्याने जावा भाषेत एक आज्ञावली तयार केली होती. येथील प्रयोगशाळेत मात्र लिनक्स प्रणाली होती. वहीतील त्याच सूचना त्याने दिल्या आणि संगणकाने कळविले, ‘आज्ञा सापडली नाही’. आपल्याला ही विद्या झेपणार नाही, अशी त्याने मनाशी गाठ बांधली. वस्तुतः उणीव त्याच्या बुद्धीत नव्हती; पत्ता चुकला होता.

अँट, मेव्हन, ग्रेडल ही आज्ञावली बांधण्याची साधने आहेत. जावाचा संच कोठे ठेवला आहे, हे त्यांना ‘जावा_होम’ या नावाने सांगता येते. अशा नावांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजेच परिसर-चल म्हणतात. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही सोय रूढ झाली. ‘पोलीस पाटील’ हे नाव गावोगावी एकच. घर मात्र प्रत्येक गावी निराळे. तसेच हे आहे.

‘पाथ’ हे दुसरे महत्त्वाचे नाव. आज्ञा कोणकोणत्या कप्प्यांत शोधावी, याची ती यादी होय. शोध क्रमाने चालतो व प्रथम सापडेल तीच आज्ञा चालते. म्हणून जावाच्या दोन आवृत्त्या असल्यास जुनीच पुढे येण्याचा संभव असतो.

आता भेद पाहू. लिनक्समध्ये यादीतील कप्पे अपूर्णविरामाने वेगळे करतात. विंडोजमध्ये अर्धविरामाने, कारण तेथे ‘सी’सारख्या ड्राइव्हच्या नावापुढे अपूर्णविराम आधीच येतो. लिनक्समध्ये नावापूर्वी डॉलरचे चिन्ह, तर विंडोजच्या आज्ञा-खिडकीत नावाच्या दोन्ही बाजूंस टक्क्याचे चिन्ह लिहितात. लिनक्समध्ये इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. विंडोजमध्ये अशा नावांपुरता हा भेद नाही.

लिनक्समध्ये ‘एक्स्पोर्ट’ ही सूचना बॅशच्या आरंभ-फाइलीत लिहिली म्हणजे ती टिकते. मॅक संगणकांवर २०१९ पासून बॅशऐवजी झेडशेल प्रचलित झाल्याने तेथे फाइल वेगळी. विंडोजमधील ‘सेटएक्स’ आज्ञा १०२४ अक्षरांपलीकडील मजकूर कापून टाकते. त्यामुळे ‘पाथ’ची लांब यादी सिस्टिमच्या सेटिंगमधूनच बदलणे श्रेयस्कर.

आणखी एक गोष्ट. विभक्त होणाऱ्या मुलाला वडिलांच्या वहीची नक्कल मिळावी, तशी प्रत्येक खिडकीला उघडताना या नावांची प्रत मिळते. मागाहून मूळ वहीत केलेली दुरुस्ती जुन्या नकलेत उमटत नाही. यास्तव बदल केल्यावर खिडकी नव्याने उघडावी.

आमच्या विद्यार्थ्याने ‘जावा_होम’ लिनक्सच्या रीतीने लिहिले, नवी खिडकी उघडली आणि त्याची आज्ञावली विनातक्रार बांधली गेली. शिक्षकबंधूंनी पहिल्या पाठापूर्वीच प्रणाली कोणती, संच कोठे व नाव कसे लिहावे, या तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात. एका अर्धविरामापायी कोणाही मुलाने विद्या सोडू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.