न्यायालयाची तारीख आणि आपली बाजू



डॉक्टरने व्यासपीठावरून रक्तदाब किंवा मधुमेह याविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. आज आम्ही फौजदारी न्यायालयाच्या तारखेविषयी बोलणार आहोत. त्यास एक घटना कारण झाली, आणि त्या घटनेत आमचाही काही दोष आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा भाचा येथे शिक्षणासाठी आला होता. मित्राची मोटार मागे घेताना त्याने उभ्या गाडीस धक्का दिला आणि न थांबता निघून गेला, असा त्याच्यावर आरोप आला. धक्का लागल्याचे आपणांस कळलेच नाही, असे त्याचे म्हणणे होते. जाणूनबुजून निघून जाणे हाच येथे गुन्हा असल्याने सारे प्रकरण या एका म्हणण्यावर उभे होते. न्यायालयाकडून टपालाने 'श्ट्राफबेफेल', म्हणजे सुनावणीवाचून दिलेला शिक्षेचा आदेश आला. त्याने दोन आठवड्यांच्या मुदतीत हरकत नोंदविली आणि सुनावणीची तारीख लागली. नेमका त्याच आठवड्यात त्यास ताप आला. आम्ही कामावर न जाण्याचा नेहमीचा दाखला लिहून दिला. तो त्याने न्यायालयाकडे धाडला, आणि आता पुढची तारीख मिळेल म्हणून तो निश्चिंत झाला.

पुढची तारीख आली नाही. हरकत फेटाळल्याचा निकाल पिवळ्या पाकिटातून आला. योग्य कारण दाखवून प्रकरण पूर्ववत करून घेण्याचा अर्ज निकाल पोचल्यापासून एका आठवड्यात करता येतो. परंतु भीतीने आणि लाजेने ते पाकीट तीन आठवडे टेबलाच्या खणात पडून राहिले. तो आमच्याकडे आला तेव्हा आदेश कायम झाला होता. त्याची बाजू कोणी खोटी ठरविली नव्हती; ती कोणी ऐकलीच नव्हती.

आपल्याकडे 'तारीख' म्हटले की पुढची तारीख आठवते. वास्तविक भारतातही गैरहजर आरोपीवर वॉरंट निघतेच. पण खटले वर्षानुवर्षे लांबताना पाहिल्याने एखादी तारीख चुकली तर काय बिघडते, ही समजूत मनात घर करून असते. जर्मनीत किरकोळ प्रकरण बहुधा एकाच बैठकीत संपते. पुरेसे कारण न देता आरोपी गैरहजर राहिला तर न्यायालय त्यास पोलिसांकरवी हजर करण्याचा हुकूम काढू शकते किंवा अटकेचे वॉरंट काढू शकते. आदेशावर हरकत घेणारा स्वतः आला नाही आणि त्याच्या वतीने वकीलपत्र असलेला वकीलही आला नाही, तर हरकत फेटाळली जाते. अपील करणाऱ्याच्या अपिलाचीही सामान्यतः हीच गत होते. साक्षीदारही यातून सुटत नाही. त्याच्यावर खर्च आणि दंड बसतो.

आता आमच्या दोषाविषयी. 'काम करण्यास असमर्थ' एवढेच सांगणारा दाखला न्यायालयास पुष्कळदा पुरत नाही. हात मोडलेला सुतार कामावर जाऊ शकत नाही, पण न्यायालयात बसू शकतो. म्हणून आजार कोणता, तो किती तीव्र आहे आणि त्यामुळे प्रवास करणे किंवा सुनावणीस बसणे का शक्य नाही, हे दाखल्यात स्पष्ट असावे लागते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे आम्हां डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यातून रुग्णाने आम्हांस मोकळे केले तरच न्यायालयाच्या प्रश्नास आम्ही उत्तर देऊ शकतो. आणि दाखला धाडला म्हणजे तारीख रद्द झाली असे नव्हे. न्यायालय तसे कळवीपर्यंत तारीख कायम असते. दूरध्वनी करून विचारावे, हे आम्ही त्या मुलास सांगावयास हवे होते.

भाषा येत नाही, ही अडचण खरी आहे. फौजदारी खटल्यात भाषा न जाणणाऱ्या आरोपीस दुभाषा विनामूल्य मिळतो. १९७५ साली जर्मनीच्या संविधान न्यायालयाने ठरविले की, समजेल अशा भाषेत हरकतीची माहिती न मिळालेल्या परकीयाची मुदत भाषेअभावी चुकली, तर तो त्याचा दोष मानता येणार नाही. पण १९७६ साली त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, कागद सरकारी आहे हे ओळखूनही जो तो समजून घेण्याची खटपट करीत नाही, त्यास या संरक्षणाचा आधार घेता येत नाही. कायदा अज्ञानास क्षमा करील, उदासीनतेस नाही.

पिवळे पाकीट आपण घरी नसताना पेटीत पडले तरी ते पोचलेच असे धरले जाते. पोस्टमनने पाकिटावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत सुरू होते, म्हणून ते पाकीटही जपून ठेवावे. दंड भरला नाही आणि वसूलही झाला नाही, तर तुरुंगवास भोगावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिवसांच्या दंडास एक दिवस कैद असे प्रमाण आहे. नागरिकत्वाचा अर्ज केलेल्यांनी तर अधिकच सावध असावे. नव्वद दिवसांपर्यंतचा दंड साधारणतः आड येत नाही; पण फौजदारी तपास चालू असेल तर निर्णय थांबतो, आणि त्याहून मोठा दंड वाट अडवू शकतो.

चवदार तळ्याचा दावा दिवाणी होता. १९२७ साली दाखल झालेला तो दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. तोवर बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली बाजू मांडणे सोडले नाही. ज्यांच्या पूर्वजांचे म्हणणे शतकानुशतके कोणी ऐकून घेतले नाही, त्यांनी ऐकले जाण्याचा हक्क टेबलाच्या खणात ठेवून देऊ नये.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे पाकीट आले, तर ते त्याच दिवशी उघडावे. समजले नाही तर वकिलाकडे जावे. वकील ठाऊक नसेल तर मंडळातील कोणासही विचारावे. लाजण्याचे कारण नाही. आरोप कोणावरही येऊ शकतो. पण आपल्या गैरहजेरीत निकाल लागू देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.