भेगेवरची पाचर

फळीला भेग दिसली कीं सुतार बहुधा तेवढा भाग कापून टाकतो. जॉर्ज नाकाशिमा ती राखीत. भेगेवर डमरूच्या आकाराची पाचर आडवी बसवून तीच अक्रोडाची फळी मेजाला घेत.

हे अमेरिकेंत जन्मलेले, जपानी वंशाचे वास्तुशिल्पज्ञ. पाँडिचेरीच्या गोलकोंड वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनीं देखरेख केली होती. १९४२ सालीं, महायुद्धांत, केवळ वंशापायीं अमेरिकन सरकारनें त्यांना पत्नी व तान्ह्या मुलीसह आयडाहोंतील छावणींत डांबलें. तेथें चांगलें लांकूड कोठून मिळणार? टाकाऊ तुकडे आणि रानझुडपांचीं खोडें! त्यांवरच गेंतारो हिकोगावा या बंदिवान सुतारानें त्यांना जपानी हत्यारें शिकविलीं. (जपानी रंधा ढकलीत नाहींत, ओढतात.) १९४३ मध्यें सुटका झाल्यावर पेनसिल्व्हेनियांत, न्यू होप येथें, प्रथम कोंबड्या सांभाळल्या; मग पदवी बाजूस ठेवून तेथेंच सुतारकामाचें दुकान थाटलें.