भिंतीतल्या नळांचा नकाशा



प्लंबरांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण न्हावा शेव्यात जमलो आहोत, आणि आजचा माझा विषय याच भूमीनं सुचवला आहे.

इथलं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्या काळात उभ्या राहिलेल्या कचेऱ्या, गोदामं आणि वसाहती आता पस्तिशीपार गेल्या आहेत. जुन्या इमारती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतलं फोर्ट आणि गिरगाव येतं. पण वयाचा प्रश्न आता खाडीच्या या बाजूलाही आला आहे. त्यात जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडी हाकेच्या अंतरावर आली. जिथं चार टेबलांची कचेरी होती, तिथं उद्या उपाहारगृह येईल. पाणी वाढेल, सांडपाणी वाढेल, त्यात तेल-तूप मिसळेल. भिंतीतला पाइप मात्र तोच राहील.

जी.आय. म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप कसा मरतो हे आपण जाणतो. आट्या पाडलेल्या जागी त्याचा पत्रा सर्वांत पातळ असतो, म्हणून गंज आधी जोडावर धरतो. आतून गंजाचे थर चढतात आणि वरच्या मजल्यावर धार बारीक होते. इथं भर म्हणून खारा वारा. फुटला तेवढाच तुकडा बदलून नवा पाइप सडक्या एल्बोला जोडला, की पुढची गळती शेजारच्या जोडावर ठरलेलीच.

याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे. उरण-द्रोणागिरी परिसर हेटवणे आणि रानसई धरणांचं पाणी पितो. धरणातून शुद्ध होऊन आलेलं पाणी इमारतीच्या दारात बिघडू शकतं. पुरवठा ठराविक वेळचा असला, की तो बंद होताच नळातला दाब उतरतो. अशा वेळी फुटका नळ बाहेरची घाण आत ओढतो. शेजारून मैल्याचा पाइप झिरपत असेल, तर त्याची किंमत घरातलं लहान मूल मोजतं.

मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी १९६९ साली कायदा झाला, दुरुस्ती मंडळ आलं. तरीही तिथल्या हाऊसगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात, उतरलेला कारागीर सांगेल, की बिडाच्या पाइपांच्या गर्दीत कुठला पाइप कोणत्या मजल्याचा, हे एखाद्या म्हाताऱ्या प्लंबरलाच ठाऊक असतं. तो गेला, की इमारतीचं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. मग अंदाजानं भिंती फोडायच्या आणि रहिवाशांनी त्याचा खर्च सोसायचा.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: प्रत्येक इमारतीच्या नळांचा नकाशा कागदावर आला पाहिजे. तळटाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतची लाइन, प्रत्येक व्हॉल्व, प्रत्येक चेंबर, पाइप कशाचा आणि कोणत्या साली बसवला, हे सारं त्यात हवं. दुरुस्ती झाली की त्याच दिवशी नोंद व्हावी. एक प्रत सोसायटीच्या किंवा कंपनीच्या दप्तरात, दुसरी पंपाच्या खोलीत. इथल्या इमारती बांधताना हजर असलेले अनेक कारागीर अजून हिंडते-फिरते आहेत. त्यांना सन्मानानं आणि मोबदला देऊन बोलवा, तरुण मुलांना त्यांच्या शेजारी बसवा.

या नकाशानं माणसांचे जीवही वाचतील. चेंबर कुठं आहे हे माहीत असेल, तर तुंबलेली लाइन वरून यंत्रानं मोकळी करता येते. सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणूस उतरवून जीवघेणी सफाई करून घेण्याला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मालक कितीही घाई करो, आपल्यापैकी कुणीही कुणाला आत उतरवणार नाही, असा ठराव या संमेलनानं करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि उद्यापासून प्रत्येकानं आपल्या हातातल्या एका जुन्या इमारतीचा नकाशा करायला घ्यावा. पुढच्या संमेलनाला आपण ते नकाशे घेऊन भेटू.