कसोटीपलीकडचे संख्याशास्त्र

रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाचा संशोधकांसाठी लिहिलेला ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा 5 ही मर्यादा केवळ सोयीची म्हणून सुचविलेली होती. पुढे तिचा दंडक झाला. समाजशास्त्रांचा विद्यार्थी आज संख्याशास्त्र शिकतो, म्हणजे बहुधा एकच विद्या शिकतो. वास्तविक भेद नसताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याचा संभव किती, हे पाहावे आणि तो शेकडा 5 हून कमी भरला की फरक ‘सार्थ’ म्हणावा. ही विद्या खोटी नव्हे. मात्र योगायोग ही एकच चूक तिला दिसते. आकडा ज्या वाटेने कागदावर येतो, त्या वाटेवरील चुका तिच्या दृष्टीपलीकडे राहतात.

सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 नंतरच्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांत हेच दाखवून दिले. शेतात आखलेला तुकडा फार लहान असला, तर सीमेवरचे रोप नकळत आत धरले जाते आणि उत्पन्न फुगते. असे शेकडो तुकडे कापले तरी दोष विरत नाही, कारण तो नेहमी एकाच बाजूला झुकतो.

रोपाची ही गत, तर माणसाची काय असेल? घरात गेल्या 30 दिवसांत धान्य, तेल, भाजी यांवर किती खर्च झाला, असे राष्ट्रीय नमुना पाहणीचे अन्वेषक कुटुंबांना विचारीत आले होते. 1994 ते 1998 या काळात त्यांनी निम्म्या कुटुंबांना खाण्यापिण्याविषयी 30 ऐवजी 7 दिवसांचा हिशेब विचारला. कुटुंबांची वाटणी यदृच्छेने केलेली होती. तरीही 7 दिवसांच्या हिशेबात खर्च बराच अधिक निघाला. इतका, की त्यावरून मोजलेली गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर यावी! देशात कोणाच्याही ताटात एक घास वाढला नव्हता. प्रश्न तेवढा बदलला होता.

1999-2000 च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबापुढे शेजारी शेजारी ठेवले गेले आणि उत्तरे एकमेकांच्या जवळ सरकली. त्या फेरीवरून दारिद्र्याचे सरकारी प्रमाण शेकडा 26 ठरले. 1993-94 मध्ये ते 36 होते. यातील खरी घट किती, यावर अर्थतज्ज्ञांत पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. सुमारे 1 लाख 20 हजार कुटुंबांच्या त्या पाहणीत बारीकसा फरकही सार्थ ठरला असता. त्या कसोटीने वाद मिटण्यासारखा नव्हताच.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी यावर एक साधा उपाय योजला होता. नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करावे, ते निरनिराळ्या अन्वेषकांकडे द्यावे आणि निष्कर्ष ताडून पाहावे. अन्वेषकागणिक पडणारी तफावत त्यातून उघड होते. सर्वांचीच चूक एका बाजूची असेल, तर मात्र हाही उपाय थिटा पडतो. म्हणून सूत्रे पाठ होण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही दिवस प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडावे, हेच बरे. तेथे त्याला असे प्रश्न भेटतील, ज्यांचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नाही. मजुराने मालकाच्या घरी खाल्लेली भाकरी कोणाच्या खर्चात मांडावी? पाहणीच्या प्रघाताप्रमाणे ती मालकाच्या घरात मांडली जाते.