मस्करीनंतरची मैत्री



कादंबरीतल्या मैत्रीचा विषय निघाला की आपण त्याग, निष्ठा, जिवाला जीव देणे याच वाटेने जातो. मला मात्र आज दोन अमेरिकी कादंबऱ्यांतल्या मस्करीबद्दल बोलायचे आहे. मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ अमेरिकेत १८८५ साली आली, जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ १९३७ साली. दोन्हींतली जोडी असमान आहे. हक हा गोरा पोर, जिम हा पळालेला गुलाम. हकने तोंड उघडले की जिम पकडला जाणार. स्टाइनबेकचा जॉर्ज चलाख, तर लेनी अंगाने दांडगा आणि बुद्धीने लहान मूल. जॉर्जशिवाय त्याचा निभाव लागणार नाही. अशा जोडीत वरचढ असलेल्याला दुसऱ्याची फजिती करण्याचा मोह होतोच.

मिसिसिपीवर दाट धुके पडते. हकची होडी आणि जिमचा तराफा यांची चुकामूक होते. हाका मारून थकलेला जिम अखेर वल्ह्यावर हात टाकून झोपी जातो. हक परत येतो आणि सांगतो, धुके पडलेच नाही, तुला स्वप्न पडले. जिम बिचारा त्या स्वप्नाचा अर्थही लावू लागतो. मग हक तराफ्यावर साचलेला पालापाचोळा आणि मोडलेले वल्हे दाखवतो. जिमच्या लक्षात सगळे येते. तो हकला स्पष्ट सुनावतो: तू हरवलास म्हणून माझे काळीज फाटले होते, आणि तुला माझी थट्टा सुचत होती. एवढे बोलून तो तराफ्यावरच्या खोपटात निघून जातो. गुलामापुढे नमते घ्यायला हकला पंधरा मिनिटे लागतात, पण तो घेतो. याच हकने आधी जिमच्या पांघरुणात मेलेला साप ठेवला होता, त्या सापाच्या जोडीदाराने जिमला दंश केला, आणि तेव्हा हकने आपली करणी लपवली होती. त्या लपवण्यापासून या माफीपर्यंतचा प्रवास मला, जिमच्या मालकिणीला त्याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र हक पुढे फाडतो, त्या प्रसिद्ध प्रसंगाहूनही मोठा वाटतो.

आता स्टाइनबेक. मजुरांच्या खोलीत जॉर्ज आपल्या सोबतच्या स्लिम नावाच्या कामगाराला एक जुनी गोष्ट सांगतो. चार माणसे जमली होती, सॅक्रामेंटो नदी समोर होती. जॉर्ज लेनीला म्हणाला, मार उडी. लेनीला पोहता येत नव्हते, तरी त्याने मारली. बुडता बुडता वाचला, आणि उडी मारायला कोणी सांगितले होते हे विसरून, बाहेर काढल्याबद्दल जॉर्जशीच प्रेमाने वागला. त्या दिवसापासून जॉर्जने असले प्रकार बंद केले.

वरवर पाहता दोन्ही प्रसंग सारखेच आहेत, पण मला त्यांतला फरक मोठा वाटतो. जिम उलटून बोलू शकतो, म्हणून हकला माफी मागायला समोर माणूस आहे. लेनीला अपमान कळलेलाच नाही, त्यामुळे जॉर्जला आपली लाज एकट्यानेच वागवावी लागते. पुढे कार्लसन नावाचा मजूर म्हाताऱ्या सोबती कँडीचा कुत्रा गोळी घालून मारतो, आणि कँडी नंतर हळहळतो की हे मीच करायला हवे होते. जॉर्ज ते ऐकून ठेवतो. शेवटी लेनीच्या हातून एक बाई मारली जाते, तेव्हा जॉर्जच कार्लसनचे पिस्तूल घेऊन नदीकाठी येतो, गोळी घालण्याआधी लेनीला पलीकडे पाहायला सांगतो, आणि लेनी पाहतो. सांगितलेले ऐकायचे, हा त्याचा स्वभाव तेव्हाही तोच असतो.

ट्वेनचा शेवट मला खटकतो. हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि कोंडलेल्या जिमची सुटका हा पोरखेळ होऊन बसतो. जिमची मालकीण मिस वॉटसन हिने मृत्युपत्रात जिमला केव्हाच मुक्त केलेले असते. टॉमला हे ठाऊक असूनही तो गप्प राहतो. हकला ते माहीत नसते, पण जिमचे हाल तो पाहत असतो. धुक्यातली शरम त्याच्या ध्यानात राहिली नाही, याचे मला प्रत्येक वाचनात वाईट वाटते. तरीही बरोबरीची मैत्री शोधायची झाली तर मी ट्वेनकडेच जाईन. जॉर्जची माया अधिक खोल आहे, अधिक सोसलेली आहे, पण लेनीच्या वाट्याला तिच्यात एकदाही जाब विचारणे येत नाही.