मंडळाची नोंदणी आणि आपला साहाय्यनिधी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची रीतसर नोंदणी करावी की नाही, हा प्रश्न गेली तीन अधिवेशने आपल्यापुढे आहे, आणि तिन्ही वेळा ‘पुढील सभेत विचार करू’ असे म्हणून आपण चहापानास उठलो आहोत. यंदा तशी सोय उरलेली नाही. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे.

घडले ते आपणांपैकी बहुतेकांस विदित आहे. आपला साहाय्यनिधी प्रारंभापासून कोषाध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने बँकेत राहत आला. त्यात कोणास काही गैर वाटले नाही, कारण मंडळास कायद्याने ओळखावे असे स्वतःचे नावच नव्हते. मागील कोषाध्यक्ष निवर्तले तेव्हा त्यांच्या चिरंजीवांनी तेराव्यानंतर लगेच हिशेबाची वही आमच्या स्वाधीन केली आणि ‘हा पैसा आमचा नव्हे’ असे स्वच्छ सांगितले. परंतु बँकेच्या लेखी तो त्यांचाच होता. वारसाचा दाखला, सर्व भावंडांच्या सह्या, त्यांतील एक भगिनी परदेशी. या साऱ्यात सव्वा वर्ष गेले. त्या अवधीत कल्याणच्या एका विधवा भगिनीच्या मुलाची फी आम्ही आपसांत वर्गणी काढून भरली. डोंबिवलीतील दुसऱ्या एका कुटुंबाचे मासिक साहाय्य मात्र थांबले. त्यांनी विचारले नाही, आणि द्यावयास काही नव्हते म्हणून आम्हीही त्यांच्याकडे गेलो नाही. पुढे कळले की थोरल्या मुलीने त्या वर्षी शाळा सोडली. दोष कोणाचाही नव्हता, आणि म्हणूनच त्या गोष्टीची रुखरुख अधिक लागते.

आपला प्रांत संस्था काढण्यात मागे नाही. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत लोहमार्ग आला; पुढे दहा वर्षांत, १८६४ साली, कल्याणास सार्वजनिक वाचनालय निघाले, आणि १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय. त्यांच्या संस्थापकांपैकी आज कोणी नाही, परंतु कपाटे आहेत, पुस्तके आहेत, वाचक आहेत. माणूस जातो आणि संस्था राहते, ती तिची मालमत्ता कोणा एकाच्या नावावर अडकलेली नसेल तरच.

१८६० चा संस्था नोंदणी अधिनियम नेमकी हीच सोय करतो. सात व्यक्तींनी एकत्र येऊन संस्थेचे नाव, उद्देश आणि नियामक मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय लिहून सह्या केल्या की अर्ज करता येतो. विश्वस्तांकडे नसलेली संस्थेची मालमत्ता नियामक मंडळाकडे आहे असे कायदा मानतो. चिटणीस वा कोषाध्यक्ष बदलला तरी पैशाचा मालक बदलत नाही. ज्या संस्थांना हा कायदा लागू करावयाचा त्यांच्या यादीत धर्मादाय संस्थांबरोबर इलाख्यांतील सैनिकांच्या अनाथ निधींचाही उल्लेख आहे. म्हणजे पोरक्या मुलांची चिंता या कायद्याच्या जन्मापासून त्याच्या सोबतीस आहे. आपल्या राज्यात धर्मादाय संस्थेस याखेरीज १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात, प्रमाणपत्रे मात्र दोन मिळतात.

‘मग सरकार आपल्या डोक्यावर बसेल’ अशी भीती काही ज्येष्ठांनी बोलून दाखविली आहे. ती सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब तपासून घ्यावे लागतील. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागेल. आणि तो देण्याचा कंटाळा केल्यामुळे दोन-दोन कार्यकारिणी आपसांत भांडत बसलेल्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. परंतु तीन वडीलधाऱ्यांच्या नावे घेतलेला कल्याणजवळचा आपला भूखंड आठवा. तो मंडळाच्या नावे होऊन एकदा नोंदवहीत चढला, की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून कोणासही विकता येणार नाही. ज्यास हे डोक्यावर बसणे वाटते, त्याने त्या तिघांच्या वारसांची संख्या एकदा मोजावी.

आता खरा अवघड भाग. आपले मंडळ नेमके आहे काय? आपण वर्गणी देतो आणि अडचण आली तर मंडळाकडून घेतो. हे परस्परसाहाय्य होय. कायदा ज्यास धर्मादाय म्हणतो तो दारिद्र्य वा आपत्ती यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाचे इतर कार्य असा आहे. दोन्ही गोष्टी पुण्याच्या असल्या तरी त्यांच्या वाटा भिन्न आहेत. ज्या बांधवांस मुख्यतः सभासदांस व्याजाने कर्ज द्यावयाचे होते, त्यांनी सहकाराची वाट धरली. सारस्वत समाजातील रावबहादूर तल्मकी यांनी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल पतसंस्था काढली, तिची पुढे बँक झाली. आपणांस ते करावयाचे असेल तर सहकारी संस्थांच्या कायद्याकडे जावे. धर्मादाय अर्जात कर्जव्यवहार लपवू नये.

मयत फंडाचेही तसेच. ‘दरमहा अमुक भरा, मृत्यूनंतर कुटुंबास तमुक मिळेल’ असे नियमात लिहिले की तो विम्याचा करार होऊ पाहतो. अशा लहान निधींसाठी १९१२ साली स्वतंत्र कायदा झाला, १९३८ चा विमा अधिनियम आला, आणि १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. इंग्लंडात १७९३ पासून मित्रमंडळ्यांना कायद्याचा आधार होता, तरी वर्गणीच्या मानाने अधिक वचन दिल्यामुळे कित्येक बुडाल्या. म्हणून नव्या घटनेत आम्ही रकमेचा आकडा लिहिलेला नाही. ‘निधीच्या शक्तीनुसार व गरज पाहून’ असे शब्द घातले आहेत. चाळीस वर्षे वर्गणी भरलेल्या सभासदास हे कडू लागेल, हे आम्ही जाणतो. परंतु देता न येणारे वचन देण्यापेक्षा हे बरे.

आणि ज्ञातीचे काय? अहमदाबादच्या राणा ज्ञातीच्या संस्थेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली निर्णय दिला की जनतेच्या एका विभागाचे हित हेही सार्वजनिक हितच होय. तो आपणांस धीर देणारा आहे. परंतु १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेल्या, विशिष्ट जातीच्याच लाभासाठी असलेल्या न्यासाला १९६१ च्या आयकर कायद्याने करसवलत नाकारली. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व बालके यांच्यासाठीच्या न्यासांना ती आडकाठी ठेवली नाही. आपल्या मंडळाची स्थापना १९६२ नंतरची आहे. यास्तव शैक्षणिक साहाय्य ठाणे जिल्ह्यातील कोणाही गरजू विद्यार्थ्यास खुले असावे, असा मसुदा केला आहे. ‘आपला पैसा परक्यांना?’ हा प्रश्न आमच्याच घरातून आम्हांस विचारला गेला. त्यावर आमचे उत्तर असे की, ज्या मुलीने शाळा सोडली तिला तिच्या वर्गातील शेजारणीने जुनी पुस्तके देऊ केली होती, आणि ती शेजारीण आपल्या ज्ञातीची नव्हती.

जुन्या नियमावलीतील ज्ञातिबहिष्काराचे कलम आम्ही चर्चेवाचून गाळले आहे. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला; ते कलम लिहून सही करणारे सात जण आम्हांस मिळाले नसते.

पुढे कधी उद्देश बदलावयाचा झाल्यास दोन सभा, दोन्हींत तीन-पंचमांश मते आणि मध्ये एक महिन्याचे अंतर लागते. मंडळ विसर्जित झालेच तर शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेस द्यावी लागते. म्हणून मसुदा आज नीट वाचावा. प्रती दाराशी मेजावर ठेविल्या आहेत. मतदान भोजनोत्तर आहे. तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेल्या सभासदास मत देता येत नाही, असे १८६० चा कायदाच सांगतो. आजवर आपण ते पाळत नव्हतो. विद्यमान कोषाध्यक्ष पावतीपुस्तक घेऊन मेजाशेजारीच बसले आहेत.